काळोखाची डागडुजी

यमपुरीतून बाहेर आलेली बाई जांभई देत होती. चोरून नव्हे, पदराआडून नव्हे. चांगली ऐसपैस, जबडा मोडेल अशी जांभई. उतरताना तिनं एका हातानं गाडीची दांडी धरली, दुसऱ्या हातानं कडेवरचं लेकरू सावरलं, आणि यमधर्माच्या दरबारातून नव्हे, दळणाच्या रांगेतून सुटल्यासारखी ती बांगड्यांच्या दुकानाकडे निघून गेली. दाराशी उंच स्टुलावर तिकिटं फाडत बसलेल्या चांगुणाबाईचा हात तिथंच थबकला. केडगावच्या देवीची नवरात्रातली जत्रा होती, सगळं नगर शहर लोटलं होतं, दुष्काळ हटून पाऊस झाल्यानं बायांच्या अंगावर पुन्हा नवी लुगडी दिसत होती, तिकिटासाठी समोर चार हात लांबलेले होते. आणि ही मात्र त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली. यमपुरी उभी राहिल्यापासून या दारातून माणसं किंचाळत बाहेर आली होती, हसत आली होती, एक फौजदार टोपी आत विसरून घामाघूम होऊन आला होता, एका नव्या नवरीला तर उचलून आणावं लागलं होतं आणि शुद्धीवर येताच तिनं पुन्हा बसायचा हट्ट धरला होता. जांभई कुणी दिली नव्हती. ती जांभई चांगुणाबाईला भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी तशी लागली. तिचा चेहरा लाल झाला. तिला लाजण्यापेक्षा रागावणं नेहमीच सोपं जायचं, म्हणून ती रागावली आणि समोरच्या माणसाला म्हणाली, "धर की तिकीट, काय मुहूर्त बघतो काय?"

यमपुरी तिच्या नवऱ्यानं, रखमाजीनं उभी केली होती. प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात ऊस वाहायला जी छोटी रेल्वे होती, तिच्यावर तो फिटर होता. पुढं ट्रक आले, रेल्वे मोडीत निघाली, आणि लोकांनी घराच्या माळवदाला तुळया म्हणून रूळ घेतले. रखमाजीनं रूळ घेतले आणि दोन माणसं बसतील एवढी एक गाडीही घेतली. मुंबईला कुठल्याशा प्रदर्शनात त्यानं अंधारातून फिरणारी गाडी पाहिली होती, ती डोक्यातून जाईना. मग लाकडी चौकटींचा लांबट मांडव झाला, त्यावर काळी ताडपत्री आली, आत नागमोडी रूळ बसले. वाटेत चित्रगुप्त, करवतीनं चिरला जाणारा पापी, तेलाची कढई, अंगावर झेपावणारा हाडांचा सापळा, आणि शेवटी रेड्यावर बसलेला यम. मधल्या मोठ्या वळणावर तेवढं काहीच नव्हतं. तिथं हात बदलायला कचरू गाडी जराशी थांबवायचा. कचरू म्हणजे रखमाजीचा कारखान्यातला जोडीदार. काळी घोंगडी पांघरून गाडी मागून ढकलणं हे त्याचं काम, आणि सगळ्या जगाविषयी कुरकुर करणं हा त्याचा छंद. रखमाजीचा एक दंडक होता, की घरच्या बाईनं यमाच्या गाडीत बसायचं नाही. "यमाला धंदा दाखवायचा, घर न्हाई," असं तो म्हणायचा. रखमाजी गेला तो भर पावसाळ्यात, धंदा बंद असताना, कुणाचा खोळंबा न करता. आणि तेव्हापासून यमपुरी चांगुणाबाईची झाली. बाईमाणूस धंदा कशी सांभाळणार म्हणणाऱ्यांना तिनं पुढच्याच मोसमात गप्प केलं. ती आवाजानं मोठी, अंगानं मोठी, आणि आपल्याला माणूस कळतो याविषयी तिच्या मनात कधी शंका नव्हती. स्टुलावर बसल्या बसल्या ती सांगायची, हा ओरडणार, हा हसणार, ही नवऱ्याचा दंड धरणार. आणि ते तसंच व्हायचं. म्हणून तर ती जांभई पचेना. ती बाई आत शिरताना चांगुणाबाईनं तिला पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, ही ओरडणार.

संध्याकाळी माळीवाड्यातल्या भाड्याच्या घरी जेवताना तिनं हा प्रकार सांगितला, तेव्हा तिचा मुलगा छगन ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई, मी तेच म्हनतोय. ह्यात आता राम न्हाई राह्यला." छगनला चिंचवडच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. त्याचा मित्र तिथं होता, खोलीही बघून ठेवली होती. कर्जतचा सहादेव म्हणून एकजण फिरत्या घोड्यांचा खेळ जत्रांतून नेत असे. त्याला यमपुरीचे रूळ आणि लोखंड हवं होतं. छगनचं सगळं ठरलं होतं, फक्त आईनं हो म्हणायचं राहिलं होतं, आणि आईनं हो म्हणणं ही त्या घरात सोपी गोष्ट नव्हती. "लोकांनी दोन वरसं काय बघितलं आई? हाडंच बघितली. ढोरांचे सापळे गावोगाव पडल्याले. आता तुझ्या लाकडी सापळ्याला कोन भ्यानार? आन तुझा तो रेडा. त्याच्या पोटातला कडबा आपल्याच गाईनं खाल्ला." हे खरं होतं. दुष्काळात वैरण संपली तेव्हा यमाच्या रेड्याचं पोट उसवून आतला कडबा गाईपुढं टाकला होता, आणि गाय तरीही जगली नव्हती. तेव्हापासून रेडा पोट खपाटीला गेलेला, आणि त्याच्यावर यम कलंडून बसलेला. चांगुणाबाईला हसू आलं आणि राग आला. "म्हंजे नवा रेडा करा म्हन की. विका कशाला म्हनतो?" "नव्या रेड्यावर पैसा घालायचा? म्हाताऱ्या बैलाच्या शिंगान्ला पितळी शेंब्या ठोकून तो शर्यत मारतो व्हय?" तिची सून सुमनबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. चांगुणाबाईनं तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" आणि उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं. "तुमी ठरवाल ते, आत्याबाई," सुमन म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. चांगुणाबाईनं समाधानानं मान हलवली. सून म्हणजे अशी असावी. शेजारणी म्हणत, चांगुणाबाईनं नशीब काढलं, सून अगदी गाय. शेवटी ठरलं ते असं: मढीच्या जत्रेपर्यंत बघायचं. तोवर यमपुरी सुधारून चालली तर चालली. नाही तर रूळ सहादेवला, आणि छगन-सुमन चिंचवडला. छगन खुशीत उठला. चांगुणाबाईला मात्र जेवणानंतर बराच वेळ एकच गोष्ट दिसत राहिली: हे घर, ही चूल, आणि चुलीपुढं कुणी नाही. ती एकटी राहायला भीत नव्हती. ती कशालाच भीत नव्हती. पण आपण हाक मारावी आणि "व्हय आत्याबाई" असं कुणी म्हणू नये, हे काही तिच्या पचनी पडेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं स्टुलावर छगनला बसवलं आणि मागच्या कनातीतून ती आत शिरली. मांडव उभारताना, मोडताना ती शेकडो वेळा आत गेली होती. धंदा चालू असताना कधीच नाही. आत पाऊल टाकलं आणि तिला पहिल्यांदा काय दिसलं, तर स्वतःचं पाऊल. टाचेच्या भेगांसकट. मग रूळ दिसले, रुळांखालचं गवत दिसलं, चित्रगुप्ताच्या वहीवरचा कोंबडीच्या विष्ठेचा डाग दिसला. वर पाहिलं तर ताडपत्रीला भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोकातून उन्हाची एकेक काडी खाली उतरलेली. जणू चाळणीखाली उभं राहावं. तेवढ्यात गाडी आली. गाडीत एक म्हातारा आणि त्याची म्हातारी. म्हातारा बायकोला समजावून सांगत होता, "ती बघ दोरी. ती वढली की त्यो सापळा म्होरं येतो. थांब, आता यील." सापळा आला. म्हातारी म्हणाली, "आला का? बरं." मागून कचरू घोंगडी पांघरून गाडी ढकलत होता आणि उन्हाच्या काड्या त्याच्या टकलावरून सरकत होत्या. चांगुणाबाईला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. सापळा जुना झाला नव्हता, यम जुना झाला नव्हता. रेड्याचं पोट खपाटीला गेलं म्हणून काय बिघडलं? अंधारात रेड्याचं पोट कोण चाचपतंय? इथला काळोख फाटला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माणसाला आपलेच पाय दिसत असले, तर त्याला परलोक कसा दिसावा?

आणि भोकं कशी पडली, हे तर तिला हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. बहात्तर साली जत्रा भरल्याच नाहीत. शहरात काम नव्हतं, म्हणून ते सगळे कर्जतकडच्या आपल्या गावी गेले आणि दुष्काळी कामावर नाव लावलं. खडी फोडायची. उघडा माळ, झाड म्हणून नाही, आणि बायांची तान्ही पोरं दगडांच्या आडोशाला तापत पडलेली. तिसऱ्याच दिवशी चांगुणाबाईनं बैलगाडी धाडून नगरहून यमपुरीची ताडपत्री आणवली आणि माळावर ताणून दिली. तिच्याखाली झोळ्या टांगल्या. मुकादमानं विचारलं, "बाई, कुनाची परवानगी?" ती म्हणाली, "यमाची." सगळा माळ हसला होता. ती आठवण तिला आजही आवडायची. बाभळीच्या काट्यांनी ताडपत्री टाचली होती, वाऱ्यानं ती आपटून आपटून फाटली, चुलींच्या ठिणग्यांनी जळाली, पण एक पोर उन्हानं गेलं नाही. तिच्या शेजारी सुमन खडी फोडायची. रेशनवरच्या मिलोच्या, त्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या भाकरीनं हाताला बळ येत नव्हतं तरी सुमनचा हातोडा थांबत नसे. मग जामखेडकडून सुमनच्या माहेरचा निरोप आला, आई आजारी आहे, पाठवून द्या. हे आठवताना चांगुणाबाई कधी अडखळली नाही, आत्ताही अडखळली नाही. तिनं हिशेबी विचार केला होता: आठवड्याच्या खडीचं माप शनिवारी व्हायचं, मध्येच हजेरी बुडाली तर आख्ख्या टोळीचं माप तुटायचं. ती म्हणाली होती, "शनिवार झाला की जा." सुमन म्हणाली होती, "व्हय आत्याबाई." शनिवारच्या आधीच दुसरा निरोप आला. तेव्हा सुमन क्षणभर बसली, हातोडा मांडीवर ठेवला, आणि पुन्हा उचलला. रडली नाही. सगळ्या बाया बघत होत्या, रडली नाही. चांगुणाबाईला त्या वेळी सुनेचा अभिमान वाटला होता. खंबीर पोर आहे, माझ्यासारखी. वेळच तशी होती, कुणाचं काय चुकलं? तिनं दहाव्याला सुमनला स्वतः नेऊन सोडलं होतं, हातावर साडीचोळी ठेवली होती. ती गोष्ट तिच्या मनात नीट घडी घालून ठेवलेली होती, आणि घडी मोडायची गरज तिला कधी पडली नव्हती.

गाडी निघून गेल्यावरही ती मोठ्या वळणावर उभी राहिली आणि जुना काळोख आठवू लागली. पहिल्या वर्षीचा, ताडपत्री नवी असतानाचा. तो काळोख जाड होता. त्याला डांबराचा वास होता, पाण्यानं भिजवलेल्या मातीचा गारवा होता, आणि त्यातून जे आवाज बाहेर यायचे ते ऐकत ती स्टुलावर बसायची. रखमाजीला वाटायचं, लोक त्याच्या यमाला भितात. बिचारा. चांगुणाबाईला तेव्हाच उमगलं होतं, की भीती हे नुसतं निमित्त. बाईमाणसाला ओरडायला जागा कुठं असते? घरात ओरडली तर अवदसा, रानात ओरडली तर झपाटली, माहेरी जाऊन ओरडली तर नांदत नाही. इथं ओरडलं तर लोक हसतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हुरूप येतो. संगमनेरच्या जत्रेत एक बाई आली होती, चांगल्या घरची, नथ वगैरे घातलेली. पहिल्या फेरीला "आई गं" म्हणून ओरडली. बाहेर आली, नवऱ्याला म्हणाली, तुम्ही थांबा, मी अजून एकदा बसते. दुसऱ्या फेरीला मोठ्या वळणावरून तिचा आवाज आला तो नवऱ्याच्या नावाचा. ज्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, त्याचं नाव तिनं एकेरीत घेतलं, आणि पुढंमागं अशा शिव्या लावल्या की गाडी ढकलणारा कचरू रुळावर अडखळला. बाहेर नवरा बिचारा लांब शेंगा खात उभा होता. गोंगाटात त्याला काही ऐकू गेलं नाही. आणि बाई बाहेर आली ती न्हाऊन आल्यासारखी. "चला, उशीर व्हतोय," म्हणाली, आणि त्याच्या मागोमाग चालू लागली. चांगुणाबाई आणि रखमाजी त्या दिवशी पोट धरून हसले होते. नंतर मात्र तिनं नीट लक्ष दिलं, आणि तिच्या ध्यानात आलं की आरडाओरडा कढईपाशी होत नाही, सापळ्यापाशी तर नुसतंच दचकणं. खरा आवाज येतो तो मोठ्या वळणावरून, जिथं काहीच नाही. तिथून किती सासवा, किती दीर, किती सावकार चांगुणाबाईनं ऐकले होते! जिल्ह्यातल्या निम्म्या घरांच्या भानगडी तिला ठाऊक होत्या, पण तोंडावरून कोण कुठली ते तिनं कधी विचारलं नाही. देवळातल्या दानपेटीत कुणी काय टाकलं हे पुजाऱ्यानं विचारू नये, तसं. जांभई देणाऱ्या त्या बाईलाही ओरडायचं होतं. आता तिला खात्रीच पटली. ती लेकरू घेऊन ओरडायला आली होती, आणि आत बघते तर उजेड. उजेडात कोण ओरडतं? दोन वर्षं ज्यांनी दातांवर दात ठेवून दगड फोडले, त्या सगळ्या बाया आता जत्रेला येणार. आत्ताच तर यमपुरी लागणार. आणि आत्ताच हा शहाणा ती विकायला निघाला.

दिवाळी झाल्यावर सहादेव रूळ बघायला म्हणून आला. गोड बोलणारा माणूस, गळ्यात रुमाल. म्हणाला, "वैनी, जमाना बदलला. आता लोकान्ला उजेड पायजे, गानी पायजेत. माझ्या घोड्यांवर बल्ब लावल्यात, बघा येकदा." चांगुणाबाईनं त्याला चहा पाजला. "उजेड तुझ्याकडं, भाऊ. सूर्य बी तुझ्याकडंच हाय. लोकान्ला उजेड फुकट मिळतो, त्याला तिकीट कशाला काढतील? काळोख कुठं मिळतो सांग. एका खोलीत आठ मानसं निजतात. मला रूळ इकायचं न्हाईत." सहादेव छगनकडे बघून हसला, छगन आढ्याकडे बघू लागला. पण बाईनं मनावर घेतलं म्हणजे घेतलंच. नवी जाड ताडपत्री आणली, ती दुहेरी घालायची ठरवली. चौकटी दुरुस्त करायचं काम कचरूवर सोपवून ती दोन दिवस भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "आतून नीट करा भावजी. सनाला करता तसं." परत येऊन बघते तर अंगणात मांडून ठेवलेल्या चौकटी आतून पांढऱ्याशुभ्र. कचरूनं इमानेइतबारे चुना दिला होता; दसऱ्याला घराला देतात तसा दोन हात, वर थोडी नीळ घालून. यमाच्या दरबाराच्या उंबऱ्यावर तर गेरूची बोटंही ओढली होती. "लक्ष्मीची जागा हाय वैनी," तो म्हणाला, "मोसमाच्या आधी चुना नको व्हय?" चांगुणाबाई आधी बोंबललीच, आणि मग हसू आवरेना म्हणून ओट्यावर बसली. सुमनही पदरात हसली. त्या हिवाळ्यात घरात असं हसणं एवढंच झालं. मग चुना खरवडून काढणं आलं. डांबर आणि काजळी कालवून कचरू, छगन आणि सुमन तिघं चौकटी माखत बसले, आणि चांगुणाबाई प्रत्येक फळीवर बोट फिरवून बघत होती. छगन म्हणे, "भुतांवर तरी दोन पैसे घाल." ती म्हणे, "भुतं हायेत तशी ऱ्हाऊ दे. भोक दाखव मला, भोक." सुमनचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि ती शांतपणे, एकही जागा न सोडता, माखत होती. चांगुणाबाईनं मनाशी म्हटलं, हिला हे घर सोडून जायचं नाही. छगनचंच खूळ आहे सगळं. हिचं मन मला कळतं.

फाल्गुनात मढीला कानिफनाथांच्या जत्रेच्या आदल्या दिवशी मांडव उभा राहिला. गडाच्या पायथ्याशी पालं पडत होती, गाढवांचा बाजार भरू लागला होता, रेवड्यांचे ढीग लागत होते, आणि ऊन असं होतं की पत्र्यावर हात ठेवू नये, चौकटींवरचं डांबरही पुन्हा मऊ पडलेलं. चांगुणाबाईला असंच ऊन हवं होतं. काळोख पारखायचा तर भर दुपारी. छगन जागेची पावती करायला गेला होता. कचरूनं रुळांना तेल दिलं आणि म्हणाला, "बसा कुनीतरी. रिकामी गाडी नीट चालत न्हाई." आजूबाजूला सगळे आपापल्या पालात गुंतलेले. चांगुणाबाईनं सुमनकडे पाहिलं. दंडक तिला आठवला. पण ज्यानं तो घातला तो केव्हाच यमाचं घर बघून बसला होता, आणि दुहेरी ताडपत्रीचे पैसे तिचे होते. "सुमन, तू बस. कुठं उजेड दिसला तर ध्यानात ठेव, बाहेर आल्यावर सांग." "मी?" सुमन म्हणाली. "तू न्हाई तर कोन? बस." "व्हय आत्याबाई." ती गाडीत बसली, पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. कचरूनं घोंगडी ओढली. गाडी आत गेली आणि दाराची कनात पडली. चांगुणाबाई स्टुलावर बसली, आणि लगेच उठली. मोठ्या वळणावरचा ताडपत्रीचा सांधा तिला सकाळपासून खुपत होता. तो आतून बघावा म्हणून ती मांडवाला वळसा घालून मागच्या बाजूनं आत शिरली.

आत काही नव्हतं. तिनं आपला हात डोळ्यांपुढं धरला, हात नव्हता. डांबराचा वास, मातीचा गारवा, आणि दूरवर रुळांवरून येणारी घरघर. तिचा ऊर भरून आला. जमलं, ती मनात म्हणाली, जमलं, मी म्हणत होते ना. सांध्यावरून बोटं फिरवत ती चौकटीला टेकून उभी राहिली. घरघर जवळ आली, सापळा खडखडला, सुमनच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. मग गाडी मोठ्या वळणावर आली आणि कचरूनं हात बदलायला ती थांबवली. हात लांब केला असता तर सुमनच्या खांद्याला लागला असता, इतकी जवळ. आधी नुसता श्वास ऐकू आला. जड काही उचलताना घेतात तसा. आणि मग तो आवाज. चांगुणाबाईला क्षणभर कळेना की हा कुणाचा. हा आवाज तिनं तिच्या घरात कधी ऐकला नव्हता. "आये! आये गं! मी येनार हुते! चांगुणीनं सोडलं न्हाई मला! हजेरी बुडंल म्हनली! तुला पानी न्हाई पाजलं गं मी आये, घोटभर पानी न्हाई पाजलं! त्या चांगुणीचं तळपट हुईल! चांगुणे! चांगुणे!" गाडी हलेना. चांगुणाबाई चौकटीला एका कुशीनं चिकटून उभी होती. तिचं नाव एकेरीत तिच्या आईनं घेतलं होतं, रखमाजीनं घेतलं होतं, त्यानंतर कुणी नाही. तिला पुढं व्हावंसं वाटलं, पण काय करायला, सुनेच्या थोबाडीत मारायला की तिला पोटाशी धरायला, हे तिला कळलं नाही. आणि जे कळत नाही ते करायची तिला सवय नव्हती. सगळ्या जिल्ह्याच्या सुना इथं ओरडून गेल्या होत्या. त्यांच्या सासवांना ती स्टुलावर बसून हसली होती. गाडी पुन्हा हलली, घरघर यमाकडे गेली, आणि चांगुणाबाई चाचपडत मागच्या कनातीतून उन्हात आली. ऊन डोळ्यांत घुसलं. मांडवाला वळसा घालून ती भराभर चालली, इतक्या वर्षांत ती कुणाच्या मागंपुढं अशी धावली नव्हती. स्टुलावर बसेपर्यंत तिला दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. यमपुरी चालणार, उद्यापासून रांगा लागणार, आणि सुमन राहणार नाही. ती त्या घरात राहिलीच नव्हती. नुसती "व्हय आत्याबाई" म्हणत होती. छगन आला की त्याला सांगायचं, चिंचवडची खोली धरून ठेव. हे ठरवायला तिला वेळ लागला नाही.

दाराची कनात उघडली आणि गाडी बाहेर आली. सुमनचा पदर डोक्यावर नीट होता, हात मांडीवर होते. चेहरा ओला होता आणि नुकताच धुतल्यासारखा. कचरू रुळांकडे बघत होता, वर बघायला तयार नव्हता.

"कुठं उजेड दिसला का गं?" चांगुणाबाईनं विचारलं. तिचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला.

"न्हाई, आत्याबाई. कुठंच न्हाई." सुमन उतरायला उठली.

"बस. घाई करू नगंस. एका फेरीत काय कळनार?" चांगुणाबाई म्हणाली. "अजून एकदा नीट बघून ये."

सुमननं मान वर केली आणि सासूकडे पाहिलं. तिची नजर चांगुणाबाईच्या लुगड्यावर, खांद्यापासून कमरेपर्यंत लागलेल्या डांबराच्या ताज्या पट्ट्यावर थांबली. कितीतरी वेळ ती तिथंच राहिली. मग तिनं पुन्हा सासूच्या डोळ्यांत पाहिलं, आणि या खेपेला "व्हय आत्याबाई" म्हणाली नाही. नुसती खाली बसली.

"कचरूभावजी, हळू न्या," चांगुणाबाई म्हणाली. "वळनावर वाईच जास्त थांबा." आणि कनात पडल्यावर ती स्टुलावरून उठली, आणि मांडवातलं काही कानावर पडणार नाही इतकी लांब, रेवडीवाल्यांच्या पालांकडे चालत गेली.